एक हात मागं

अण्णा, शरणार्थ.

तुम्हाला मातीत बसवलं त्या दिवशी मी तुमच्या तोंडाकडंच बघत होतो. आपल्यात माणसाला आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, पाठ ताठ. जंगमअय्या मंत्र म्हणत होते, अर्धं वालूर बांधावर उभं होतं, आणि मला मात्र वाटत होतं की आता हे डोळे उघडणार आणि म्हणणार, "बगू."

उभ्या जन्मात तुम्ही मला कधी "नाही" म्हणाला नाहीत. जत्रेला जाऊ का, बगू. दुकानात पैठणी ठेवू का, बगू. तुमच्या "बगू"च्या किती तऱ्हा होत्या ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. नाकातून आला तर होकार, घशातून आला तर नकार, आणि खाली मान घालून आला तर समोरच्यानं उठून जावं. मी त्यांची नक्कल करायचो. सेलूपासून झरीपर्यंत जिथं जिथं माझं कापड गेलं, तिथं तिथं तुमचा "बगू"ही गेला. लोक कापडाआधी तोच मागायचे.

मग माती लोटायला लागले. मी भाऊ, म्हणून पहिली ओंजळ माझी. हातात ढेकूळ आलं, आणि बघतो तर त्यात भुसा कालवलेला, एका अंगाला पोताऱ्याचे पापुद्रे, एकावर एक, पन्नास दिवाळ्यांचे. ते ढेकूळ मी ओळखलं. आपल्या माजघराच्या भिंतीचं होतं. मी पाडलेल्या भिंतीचं.

ते मला तुमच्यावर टाकवेना. जंगमअय्या म्हणाले, "अप्पा, थांबू नका." मी टाकलं. तेव्हापासून मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि हे माझ्याबाबतीत किती अवघड ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुमच्याशीच बोलतो.

घर पाडायचं माझ्या डोक्यात कुठून आलं, ते तुम्ही समोर बसून पाहिलं होतं. माझ्या महादूच्या सोयरिकीसाठी जिंतूरचे सोयरे आले होते. आषाढ होता. मी सोयऱ्यांच्या पुढ्यात पान ठेवलं आणि आपल्या घराची थोरवी सुरू केली. आजोबांनी कसं बांधलं, सागवान कसं आणलं, भिंती दोन हात रुंद कशा. "आन वरचं माळवद म्हंजे मातीचं छत न्हाई पाव्हनं, लोखंड," असं मी म्हणायला आणि वरून सोयऱ्याच्या पांढऱ्या पटक्यावर चिखलाचा थेंब पडायला एकच गाठ पडली. थेंब कसला, चांगला आवळ्याएवढा. सोयऱ्यानं वर बघितलं, पटका काढून मांडीवर घेतला आणि शांतपणे म्हणाला, "लोखंडाला पाणी सुटलंय जनू."

तुम्ही कोपऱ्यात होता. आवाज केला नाहीत, पण तुमचे खांदे हलत होते. पुढं कितीतरी दिवस माझ्याकडं नजर गेली की ते खांदे हलायचे. सोयऱ्यांनी पोरगी द्यायचं कबूल केलं, अट एकच घातली: आधी घर नवं करा, मग लगीन.

मला तेवढंच हवं होतं. विटांचं घर, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, दारातून माणूस मान न वाकवता आत यावा. तीन पोरं, उद्या तीन सुना. मी आठ दिवसांत गंगाराम सुताराला बोलावलं. गंगाराम म्हणाला, "समदं व्हईल मालक. पैलं कर्त्याचा हात आना."

कर्ता म्हणजे तुम्ही. घर मोजायचं ते कर्त्या पुरुषाच्या हातानं, कोपरापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत. त्या हातानं लांबी-रुंदी मोजायची, दोन्हींचा गुणाकार आठानं भागायचा, आणि जी बाकी उरेल ती घराची आय, तिच्यावर घर लाभणार की नाही ते ठरायचं. गंगारामच्या बापानं असंच केलं, आजानं असंच केलं. कर्त्यानं हात दिला म्हणजे घराला हो म्हटलं. हात दिला नाही तर आखणीची दोरी पडत नाही.

तुमचे हात आपल्या घराण्यात सगळ्यांत लांब. माझे मात्र कापड मोजून मोजून गिऱ्हाईकाच्या वाट्याला आखूडच झालेले. तुम्हीच म्हणायचा ते.

मी तुमच्याकडं हात मागितला. कुठं मागितला? दुकानाच्या कट्ट्यावर, बाजाराच्या दिवशी, दहा माणसं बसलेली बघून. गुडघ्यावर बसलो, पदर पसरावा तसं धोतराचं टोक पसरलं आणि फकिराच्या सुरात म्हणालो, "अण्णा, तुमच्या दारी आलो हाय, एक हात घाला झोळीत." माणसं हसून लोळली. तुम्ही दोन्ही हात घोंगडीत ओढून घेतले आणि म्हणालात, "बगू." घशातून.

दुसऱ्या बाजाराला पुन्हा मागितला. तिसऱ्याला तर लोक लवकर येऊन जागा धरून बसले. मी दर खेपेला नवी भर घालायचो. आमच्या अण्णाचा हात म्हणजे हैदराबादच्या खजिन्यातला हिरा, दाखवतील पण देणार नाहीत. झोपताना तो हात उशाखाली ठेवून त्याच्यावर कुलूप लावतात. कोपरापासून बोटापर्यंत चार वीत भरतो, जेवताना शेजारच्याच्या ताटातलं उचलतात. एकदा हे मी रंगात येऊन सांगत होतो आणि तुम्ही मागून ज्वारीचं पोतं घेऊन आलात. सगळे गप्प झाले. तुम्ही पोतं ठेवलं आणि म्हणालात, "चार न्हाई, तीन वीत. एक जास्तीची सांगायलास." आणि आत गेलात. हशा असा झाला की विचारू नका. मला वाटलं, अण्णांनाही मजा येतीय.

खरंच वाटलं. हे तुम्हाला सांगून काही उपयोग नाही आता, पण खरंच वाटलं.

मग पुढच्या सालच्या वैशाखातली ती दुपार. तुम्ही ओसरीत आडवे झाला होता. डावा हात डोक्याखाली, उजवा घोंगडीवर मोकळा पडलेला, तळवा वर. हिरा उघड्यावर. मी दुकानातला गठ्ठे बांधायचा लाल दोरा घेतला आणि मांजरासारखा तुमच्याजवळ बसलो. दोऱ्याचं एक टोक कोपराशी धरलं, दुसरं बोटाकडं नेलं, तेवढ्यात तुमच्या नाकावर माशी बसली. मी श्वास धरला. माशी उठून माझ्या नाकावर आली. मी हललो नाही. दोऱ्याला गाठ मारली आणि वर बघतो तर दारात ही उभी, तोंडाला पदर लावून.

"काय करायलाव?" ही हळूच म्हणाली.

"माप घ्यायलोय."

"चोरून?"

"घरातल्या घरात चोरी न्हाई होत."

"मंग जागं करून इचारा की. ते काय खाणार हायेत तुमाला?"

मी तिला डोळ्यानंच गप्प केलं. इतकी साधी गोष्ट होती, अण्णा. तुमच्या घरात, तुमच्या उशाशी, ऐकायला परकं माणूस नाही, आणि मला तुम्हाला जागं करून विचारायला सुचलं नाही. ऐकणारं कुणी नसलं की मला बोलणंच सुचत नव्हतं.

दोरी टाकायच्या दिवशी कर्ता हजर लागतो. त्या दिवशी सकाळीच मी तुम्हाला सांगितलं की आखाड्यावरचा, शेतातल्या खोपीवरचा, पवळ्या बैल लंगडायलाय. तुम्ही तसेच, चहाही न घेता, शेताकडं निघालात. बैल ठणठणीत होता. गंगारामला म्हणालो, अण्णांनी हात धाडलाय, आणि लाल दोरा त्याच्या पुढ्यात टाकला.

गंगारामनं दोरा दोनदा बघितला. म्हणाला, "सोता आले न्हाईत?"

"बैल आजारी हाय."

त्यानं मोजलं. रुंदी पंधरा हात. लांबी, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, चोवीस. गुणाकार केला, भाग घातला, बाकी उरली शून्य. त्यानं मान हलवली. "कावळ्याची आय आली मालक. न्हाई लाभायचं. एक हात मागं घ्या, न्हाईतर एक हात पुढं जावा. मागं घेतलं तर तेवीस, बाकी एक, ध्वज. पुढं गेलं तर पंचवीस, बाकी सात, गज. दोनी चांगलेच."

पुढं जायचं म्हणजे मागच्या भिंतीत शिरायचं. ती आजोबांची दोन हात रुंद भिंत पाडायची आणि तिच्या बाहेरच्या अंगाला एक हाताची विटांची भिंत उभी करायची. आणि त्या जुन्या भिंतीला पलीकडून आमिनाखालाचं घर टेकलेलं. पिंजाऱ्याची बाई, नवरा गेलेला, लेक पिंगळीला दिलेली, तीन खणांचं घर. तिच्या माळवदाच्या तुळयांची टोकं आपल्या भिंतीत रोवलेली होती, आजोबांच्या काळापासून. आजोबांनी तिच्या सासऱ्याला सांगितलं होतं म्हणे, भिंत आमची, टेका तुमचा.

खाला आवाज ऐकून दारात आली होती. हाताला कापूस चिकटलेला. "बस्लिंगा," ती म्हणाली, "मेरे लकड्यां तुमारे दिवाल में हैं रे बाबा. बडे अप्पा कू मालूम है ना?"

"समदं मालूम हाय खाला. तू चिंता करू नको."

"वो कां हैं?"

"बैल आजारी हाय."

एवढ्यात बघ्यांतला कुणीतरी म्हणाला, "मंग काय ठरलं, बस्लिंगअप्पा? मागं का पुढं?" पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. काहीतरी सणसणीत ऐकायला मिळणार म्हणून ओठ आधीच हसू धरून बसलेले. आणि मी म्हणालो, "हत्ती दारात आल्यावर झेंड्याची काठी कोन घेतंय?"

हशा झाला. गंगारामनं पंचविसावर खुंटी ठोकली.

मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. लोकांना वाटतं मी हाव धरली. हावेनं केलं असतं तर बरं होतं, हावेला निदान काही हिशेब असतो. मी एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर एका हशासाठी घालवलं.

तिसऱ्या दिवशी कुदळी लागल्या. आपल्यासारखं घर वरून उतरवतात. आधी माळवदाची माती, मग खालच्या काटक्या, मग तुळया, मग भिंती. तुम्ही संध्याकाळी शेतातून आलात तेव्हा तीन खण उघडे पडले होते आणि देवघरावर ऊन आलं होतं. जिथं कधी दिव्याशिवाय काही दिसलं नाही तिथं ऊन. तुम्ही चपला काढून आत आलात, देवघरापुढं थोडे थांबलात, मागच्या भिंतीकडं बघितलंत. खुंटी कुठं ठोकलीय ते बघितलंत. मी भाषणाची तयारी करून उभा होतो. तुम्ही घोंगडी घेतलीत, पेटी घेतलीत आणि आखाड्यावर राहायला गेलात.

मी कट्ट्यावर सांगितलं, अण्णांना नव्या घराची धूळ सोसत नाही.

जुन्या भिंतीची माती शेताला सोन्यासारखी, तिच्यावर पीक चढतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. म्हणून घराची सगळी माती गाड्या भरून शेतात टाकायची ठरली. रोज सहा-सात गाड्या. मी इकडं पाडत होतो आणि तिकडं तुमच्या पुढ्यात आपलं घर गाडीगाडीनं ओतलं जात होतं. गाडीवान येऊन सांगायचा, "अण्णा हरेक गाडीजवळ येतेत. ढेकळं हातानं फोडतेत. आमाला फोडू देत न्हाईत." मी म्हणायचो, हौस असती एकेकाला. आता कळतं, तुमच्याशिवाय त्या घराला कुणी नीट पाडलंच नाही.

मागची भिंत उतरवली तेव्हा खालाच्या तुळयांखाली मी बाभळीचे टेकू दिले. हे मी केलं, तेवढं माझ्या बाजूनं धरा. गवंडी म्हणाला, "ह्या इटाच्या पातळ भितीवर मातीच्या माळवदाचा भार न्हाई टाकायचा. बाईला तिकडून येगळी भित लागंल." मी खालाला म्हणालो, मृगाच्या आत तुला वेगळी भिंत. मनातून म्हणालो, अण्णा, खोटं नाही. पण पत्रे सेलूला अडकले, गवंडी भाचीच्या लग्नाला गेला तो महिनाभर आला नाही, मग माझ्या पुढच्या ओसरीचं काम निघालं, मग पाऊस लागला. टेकू चिखलात रुतले. तिचं माळवद एका कोपऱ्यात खाली बसलं आणि माती तिच्या पिंजलेल्या कापसात पडली. ती भांडायला आली नाही. मी वाटच बघत होतो, मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती आलीच नाही.

पावसानं उघडीप दिल्यावर एक दिवस मी सेलूच्या स्टेशनावर पत्रे सोडवायला गेलो होतो. पत्र्यांची थप्पी फलाटावर लावलेली. हमालांशी बोलत होतो आणि बघतो तर तुमची गाडी येऊन उभी राहिली. पवळ्या नि ढवळ्या. वर खालाचं गाठोडं, कापूस पिंजायची ती मोठी कमान, दोन पातेली, आणि खाला. तुम्ही तिची कमान स्वतः खांद्यावर घेऊन फलाटावर आलात. आपल्यात असं पिंजाऱ्याचं सामान कोण खांद्यावर घेतं?

मी पत्र्यांच्या मागं लपलो.

एवढा मोठा माणूस, गावाला हसवणारा, चाळिशी ओलांडलेला, तीन पोरांचा बाप, पत्र्याच्या थप्पीमागं उकिडवा बसलो. पत्रे उन्हानं तापलेले होते, पाठ भाजत होती. आगगाडी आली, खाला चढली, तुम्ही खिडकीशी काहीतरी बोललात, गाडी गेली. मग तुम्ही थोडा वेळ तिथंच उभे राहिलात आणि पत्र्यांकडं बघितलंत. मला बघितलंत की पत्रे बघितलेत, हे मला आजही ठाऊक नाही. विचारायला हवं होतं. पण ते विचारायचं तर लपलो होतो हे सांगावं लागलं असतं.

दिवाळीनंतर घर झालं. फरशी बसली, रंग झाला, गंगारामनं दाराला कमळ कोरलं. तुम्हाला दहा निरोप धाडले. अकराव्याला आलात. गवंडी, सुतार, गडी सगळे कामावर होते. तुम्ही चपला बाहेर काढल्या, घरभर फिरलात, काही हात लावला नाहीत. मग पुढच्या दाराशी परत येऊन थांबलात आणि उजवा हात चौकटीला लावलात. कोपर एका कडेला. बोटं बरोबर दुसऱ्या खुणेवर येऊन टेकली. पुन्हा लावलात. पुन्हा बरोबर. तसे भिंतीभिंतीनं कोपर टेकवत गेलात, एक, दोन, तीन, ओठ हलत होते. मागच्या भिंतीशी पोचलात आणि म्हणालात, "पंचवीस."

मी भिंतीवरची धूळ पुसायला लागलो.

"माझाच हाय ह्यो हात."

"तुमचाच, अण्णा. कर्ते तुमी."

"मागितला असतास तर दिला असता."

"मागितला की," मी म्हणालो. "दर बाजारी मागितला. साऱ्या गावाला ठाऊक हाय."

"गावालाच मागितलास तू," तुम्ही म्हणालात. "मला कवा मागितलास? मी घरातच व्हतो की. सकाळी भाकर खायला जवळ बसत व्हतास." मग थांबून म्हणालात, "मी दोरीवर आलो असतो बस्लिंगा. एक हात मागं घ्या म्हनलो असतो. एवढंच म्हनायचं व्हतं मला."

गवंड्यानं थापी खाली ठेवली होती. गंगाराम रंधा धरून उभा होता. सगळे ऐकत होते. आणि मी, अण्णा, ते सगळे ऐकतायत एवढंच मला दिसलं. मी म्हणालो, "अण्णा, तुमचा हात लांब, माझी जीभ लांब. घराला दोनी लागतंय."

गडी हसले. गंगाराम नाही हसला. तुम्ही मात्र हसलात. तेच मला खातंय. चिडला असता, चप्पल फेकली असती तर मी आज असा बसलो नसतो. तुम्ही हसलात, तोंडभर, जसं लहानपणी मी काही आगाऊपणा केला की हसायचा, आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारून बाहेर पडलात. दारातून जाताना मान वाकवलीत. ते दार तुमच्याहून वीतभर उंच होतं. जन्मभराची सवय.

त्यानंतर आपली गाठ पडली ती जंगमअय्या तुमच्या कपाळाला विभूती लावत असताना.

कसे गेलात, किती दिवस अंगात ताप होता, ते इथं लिहीत नाही. आखाड्यावर गेलात, एकटे होतात, आणि एका हाकेवर नवंकोरं घर रिकामं होतं, एवढं पुरे. जिथं बसवलं त्याच्या भोवतीची ज्वारी यंदा माणसाच्या वर गेलीय. लोक म्हणतात, भितीच्या मातीचा गुण.

तुमची अकराव्या दिवसाची शिवगणाराधना झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी पिंगळीला गेलो. आगगाडीत समोरच्या बाकावर एक झरीचा माणूस होता. त्यानं मला ओळखलं. "बस्लिंगअप्पा, ती अण्णाच्या हाताची गोष्ट सांगा की," म्हणाला. मी म्हणालो, घसा बसलाय. तो बिचारा पिंगळीपर्यंत मला लवंगा देत राहिला.

खाला जावयाच्या ओसरीत कापूस पिंजत होती. मला बघून तिनं कमान थांबवली आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. "बडे अप्पा पीछे हैं क्या?"

मीही मागं वळून बघितलं.

"बोलके गए थे ना," ती म्हणाली. "टेशन पे बोले, आमिना, दिवाल उठी की मैं खुद आतूं लेने कू. दूसरे के हात चिठ्ठी भेजा तो नक्को आव बोले. मैं गठड़ी भी खोली नहीं पूरी."

ओसरीच्या कोपऱ्यात ते गाठोडं होतं. सेलूच्या फलाटावर बघितलेलं.

मी आयुष्यभर बोललोय. बायकांना पातळं विकलीत, मामलेदाराला हसवलंय, सोयऱ्याच्या पटक्यावरचा चिखल बोलून धुतलाय. तिथं मला चार शब्द जुळेनात. शेवटी म्हणालो, "खाला, अण्णा गेले. आज बारा दिवस झाले."

ती हाताला चिकटलेला कापूस एकेक करून काढत राहिली. जावई पाणी घेऊन आला, ते तिनं माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाली, "नये घर में?"

"न्हाई. आखाड्यावर."

"एक रात भी नहीं सोए?"

"न्हाई."

मी म्हणालो, खाला, मी भिंत बांधतो, तू चल. कुणी ऐकत नव्हतं, जावईही आत गेला होता. मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं. तिनं कोपऱ्यातल्या गाठोड्याकडं बघितलं. मग म्हणाली, "जिस दिवाल कू वो पीठ नहीं लगाए रे बाबा, उस पे मैं मेरी छत कैसी लगाऊं?" आणि कमान उचलून पुन्हा कापूस पिंजायला लागली. बोलणं संपलं होतं.

परत आलो तो सरळ गंगारामच्या दारात गेलो. म्हणालो, मागची भिंत उतरव. त्याला वाटलं मला भ्रम झालाय. रंग अजून वाळतोय, म्हणाला. मी म्हणालो, घर तेवीस हातांवर थांबव, मागं जुनीहूनही हातभर रुंद भिंत घे, मातीच्या माळवदाचा भार पेलंल अशी, आणि पलीकडच्या तुळयांना कोनाडे ठेव. तो आत जाऊन लाल दोरा घेऊन आला. जपून ठेवला होता त्यानं. मला विचारलं, आता कर्ते तुम्ही, तुमच्या हातानं मोजू का? मी म्हणालो, नको. अण्णांनी एक हात मागं घ्या म्हटलंय.

काल मागच्या भिंतीच्या विटा उतरवल्या. नवी भिंत पाडताना जुनीइतकी धूळ उडत नाही, फक्त आवाज जास्त होतो. कट्ट्यावरची मंडळी जमली होती. नवंकोरं घर पाडायलाय म्हटल्यावर काहीतरी मोठी गोष्ट असणार, असं त्यांच्या तोंडांवर लिहिलेलं. कुणीतरी विचारलंही, "काय झालं हो बस्लिंगअप्पा, हत्ती पळाला का काय?" सगळे थांबले माझ्यासाठी. मी विटा उचलत होतो. म्हणालो, भिंत चुकली होती. ते एकेक करून निघून गेले.

जिंतूरला निरोप धाडलाय की लगीन पुढच्या वर्षी. सोयरा काय म्हणेल ते म्हणो. ही काल मला म्हणाली, "खाला न्हाईच आली तर?" तुमच्यासारखं "बगू" म्हणायचं तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

माघात भिंत उभी राहील. मग मी पुन्हा पिंगळीला जाईन, एकटा, आणि विचारीन. ती नाही म्हणाली तर परत येईन. भिंत तेवढीच रुंद राहील, अण्णा, आणि तिच्यातले कोनाडे मी बुजवणार नाही.